धूर दिसतोय, पण आग कुठे आहे?

(हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत. सगळे नाहीत.)

आजचा विषय आहे बंद मालाला लागणारी आग, आणि ती लागली आहे एवढं कळण्यासाठी माणसांनी गेल्या दीडशे वर्षांत काय काय केलं. जहाजाचं पोट, वखार, विमानातला मालाचा कप्पा, कंटेनर. या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. माल भरून दार लावलं की आत कोणी नसतं. घरात काही जळलं तर कोणाला तरी वास येतो, शेजारी ओरडतात. इथे धूर बाहेर येईपर्यंत कोणाला पत्ताच नसतो, आणि धूर बाहेर येतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

माझं रोजचं काम याच्याशी जोडलेलं आहे. कंटेनरमध्ये आणि गोदामांत बसवायचे छोटे वायरलेस सेन्सर असतात. त्यांच्याकडून येणाऱ्या आकड्यांमधून ‘इथे काहीतरी तापतंय’ हे ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये मी आहे. त्यामुळे या भागात माझा थोडा पक्षपात दिसेल, तो समजून घ्या. पण सुरुवात सेन्सरपासून नको, मुंबईपासून करू.

१४ एप्रिल १९४४. गोदीतला स्फोट. मुंबईत वाढलेल्या बहुतेकांनी याची गोष्ट घरातल्या कोणाकडून तरी ऐकलेली असते, आणि त्या गोष्टीत सोन्याच्या विटा असतातच. दूरवरच्या घराचं छप्पर फोडून वीट आत पडली, एका पारशी गृहस्थाने ती प्रामाणिकपणे परत केली, नंतर कितीतरी वर्षं गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. हे सगळं खरं आहे. जहाजावर ३१ पेट्या सोनं होतं. पण गंमत अशी की आपण ही गोष्ट नेहमी चार वाजून सहा मिनिटांपासून सांगायला घेतो, कारण पहिला स्फोट तेव्हा झाला. मला आज बोलायचंय त्याआधीच्या दोन-तीन तासांबद्दल. आग तेव्हाही होती, लोक तेव्हाही जहाजावर होते, बंब आले होते, पाणी चालू होतं. आणि आग नेमकी कुठे आहे हे शेवटपर्यंत कोणाला सापडलं नाही.

जहाजाचं नाव फोर्ट स्टिकीन. १९४२ साली कॅनडात, प्रिन्स रूपर्टला बांधलेलं, सात हजार टनांहून थोडं मोठं मालवाहू जहाज. युद्धाचा काळ. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्यातली २३८ टन अतिसंवेदनशील वर्गातली. कराचीला काही माल उतरला, जागा मोकळी झाली, आणि त्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, लाकूड, तेलाची पिंपं असा माल चढवला गेला. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांना हे मिश्रण अजिबात पसंत नव्हतं, त्यांनी तशी तक्रारही केली. पण युद्धात रिकामी जागा म्हणजे चैन. जहाज भरलं, निघालं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये धक्क्याला लागलं.

आता दोन नंबरच्या होल्डची रचना बघा. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातला मालाचा कप्पा. याच्या तळाशी कापूस होता आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं. मध्ये लोखंडी डेक. याहून वाईट मांडणी मुद्दाम ठरवूनही सुचली नसती.

कापसाबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी अडचण कापसाच्या स्वभावात आहे. सुटा कापूस भसकन पेटतो, ते आपल्याला माहीत आहे. पण दाबून बांधलेली गासडी तशी पेटत नाही. ती धुमसते. तंतूंच्या मधे अडकलेली हवा आतल्या आगीला थोडी थोडी पुरत राहते. विदर्भात जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. सरकी काढताना एखादा खिळा किंवा दगड यंत्रात घासला, ठिणगी कापसात गेली आणि तोच कापूस दाबून बांधला, तर आगीसकट गासडी तयार होते. बाहेरून ती बाकीच्या गासड्यांसारखीच दिसते. हात लावला तर गारसुद्धा लागते, कारण कापूस उष्णता बाहेर येऊ देत नाही. गोधडीत गुंडाळलेल्या गरम भांड्यासारखं. असा निखारा काही दिवस आत राहू शकतो, आणि मग गासडी फुटली किंवा हवा लागली की एकदम बाहेर येतो.

फोर्ट स्टिकीनच्या कापसात ठिणगी कशी गेली, तर बहुधा कोणीतरी ओढलेल्या सिगारेट-विडीमुळे, असा चौकशीचा रोख होता. घातपात नव्हता. माझ्या दृष्टीने त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या वेळेस, म्हणजे साडेबाराच्या आसपास, शेजारच्या जहाजावरच्या माणसांना फोर्ट स्टिकीनच्या हवा-नळातून धुराची रेघ दिसली होती. कोणी काही बोललं नाही. त्या जहाजावर काय भरलंय हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल निशाण लावायची पद्धत असते, ते त्या दिवशी नव्हतं. शिवाय गोदीत धूर दिसणं ही काय बातमी आहे?

सुट्टी संपवून कामगार दोन नंबरमध्ये उतरले तेव्हा धूर त्यांनाच दिसला. ते वर आले, आरडाओरडा झाला, जहाजाच्या होजपायपांनी पाणी सुरू झालं. धक्क्यावरच्या आग विझवणाऱ्या तुकडीतला एक माणूस वर्दी द्यायला धावला. त्याला द्यायचा होता मोठ्या धोक्याचा संदेश. पण टेलिफोनवरून काम होईना, तेव्हा त्याने तिथल्या अलार्मची काच फोडली.

इथे मला, एक सॉफ्टवेअरवाली म्हणून, दर वेळी थबकायला होतं. काच फोडण्याच्या त्या अलार्ममध्ये माहिती किती? ‘या ठिकाणी आग आहे’, बस. आमच्या भाषेत एक बिट. जहाजावर स्फोटकं आहेत, मोठी कुमक पाठवा, हे त्या काचेतून कळणार कसं? अग्निशमन दलाने अशा वर्दीला जेवढं पाठवायचं तेवढं पाठवलं, दोन बंब. त्यांच्या माणसांना जहाजावर काय आहे हे कळलं आणि मग आणखी बंब धावले. गोदीतला सगळा माल कागदावर होता, बिलं होती, याद्या होत्या. फक्त ज्याला त्या क्षणी ती माहिती हवी होती त्याच्याकडे ती नव्हती.

त्यानंतरचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. होल्डच्या तोंडातून इतका दाट धूर येतोय की आत उतरून बघता येत नाही. त्यामुळे पाण्याचा फवारा नेम धरून मारता येत नाही, नुसतं वरून ओतत राहायचं. ९०० टनांहून जास्त पाणी जहाजात ओतलं गेलं. काही वेळाने जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग एका जागी फोड येऊन सुटायला लागला. म्हणजे आग त्या पत्र्याच्या मागे आहे, हा पहिला खरा पुरावा. तिथे भोक पाडून थेट आत पाणी मारावं म्हणून गॅस कटर मागवला. कटर आला, पण चालला नाही.

आणि या सगळ्यात पाणी काय करत होतं? कापूस पाण्यावर तरंगतो. तळाशी पाणी साचत गेलं तशा जळत्या गासड्या वर उचलल्या जात होत्या, स्फोटकांच्या खालच्या डेककडे. विझवण्यासाठी ओतलेलं पाणी आगीला वर चढवत होतं. आग कुठे आहे हे न कळता केलेला उपाय असा उलटा जाऊ शकतो. तिथल्या बंबवाल्यांना मी यात काडीचाही दोष देत नाही. दुसरं काही करता येण्यासारखी माहिती त्यांच्याकडे नव्हतीच.

३:५० ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४:०६ ला पहिला स्फोट, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या, शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. शेजारचं जलपद्मा हे सिंदिया कंपनीचं जहाज, त्याचा मागचा भाग उचलला जाऊन गोदामाच्या छपरावर जाऊन बसला. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा दिला जातो, सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो याच ६६ जणांच्या आठवणीत. शाळेत कधी त्या दिवसांत बंब दाखवायला आणला असेल तर त्याचं मूळ हे.

बरं, मालातल्या आगीची ही अडचण १९४४ ला नवीन होती का? मुळीच नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून लांबच्या बंदरांना जाणारी कोळशाची जहाजं वाटेत पेटायची, आणि हे इतकं वाढलं की १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर रॉयल कमिशन नेमलं. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो आणि तापतो. ढिगाच्या पोटात ती उष्णता साठत जाते. ठिणगीसुद्धा लागत नाही. जोसेफ कॉनराड हा पुढे इंग्रजीतला मोठा लेखक झाला. तो तरुण असताना ‘पॅलेस्टाइन’ नावाच्या असल्याच एका जहाजावर अधिकारी होता. १८८३ साली बँकॉकला कोळसा घेऊन जाताना ते सुमात्राजवळ पेटलं आणि लोकांना होड्यांतून जीव वाचवावा लागला. त्या काळचा उपाय मला फार आवडतो: कोळशात लोखंडी नळ्या खुपसून ठेवायच्या आणि त्यात दोरीला बांधून थर्मामीटर सोडायचा. वर काढायचा, वाचायचा, वहीत लिहायचं. हा झाला सगळ्यात जुना सेन्सर. यात सेन्सर थर्मामीटर होता आणि नेटवर्क म्हणजे दोरी ओढणारा खलाशी.

पुढची उडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ‘रिच’ नावाची एक पद्धत आली, तिचे हक्क वॉल्टर किडी यांच्या अमेरिकन कंपनीने १९१८ मध्ये विकत घेतले. कल्पना अशी: प्रत्येक होल्डपासून एक बारीक नळी निघून वर सुकाणूघराजवळच्या कपाटापर्यंत येते. एक पंखा सतत सगळ्या होल्डमधली हवा ओढत राहतो. कपाटात अंधार आणि प्रकाशाची एक तिरीप. ज्या नळीतून धूर येईल तिच्या तोंडाशी त्या प्रकाशात धूर चमकतो. नळीवर होल्डचा नंबर. म्हणजे बसल्या जागी कळलं, तीन नंबर पेटलाय. आणि मग उलट दिशेने त्याच नळीतून आग गुदमरवायला वाफ सोडायची. वाफेच्या जागी पुढे कार्बन डायऑक्साइड आला. ज्या वाटेने वास आला त्याच वाटेने औषध. इतकं सुटसुटीत डिझाइन मी फार कमी पाहिलंय, आणि आजही मालवाहू जहाजांच्या होल्डमध्ये मूळ तत्त्व हेच आहे.

पण त्याची मर्यादाही लक्षात घ्या. ‘कुठे’ या प्रश्नाला ही पद्धत फक्त होल्डच्या नंबरापर्यंत उत्तर देते. होल्डमध्ये सुटा माल होता तोवर ते चालून गेलं.

मग २६ एप्रिल १९५६ ला ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन निघालं. माल्कम मॅक्लीनची कल्पना, आणि तिथून कंटेनरचं युग सुरू झालं. व्यापारासाठी हे वरदान ठरलं, आग शोधण्याच्या दृष्टीने मात्र आपण मागे गेलो, असं माझं मत आहे. कारण आता होल्डच्या आत शेकडो बंद लोखंडी पेट्या. आधी पेटीतून धूर झिरपून होल्डमध्ये यायला हवा, मग नळीत, मग कपाटात. आणि निम्म्या पेट्या तर उघड्या डेकवर, जिथे नळी नाही, पंखा नाही. तिथली आग आजही बहुतेक वेळा पहाऱ्यावरच्या माणसाच्या डोळ्यांनाच आधी दिसते. म्हणजे फोर्ट स्टिकीनच्या शेजाऱ्यांना दिसली तशीच.

६ मार्च २०१८, मर्स्क होनम. जेमतेम वर्षभरापूर्वी बांधलेलं, १५,००० हून जास्त कंटेनरांची क्षमता असलेलं जहाज, अरबी समुद्रात. पुढच्या एका होल्डमध्ये आगीचा गजर झाला. खलाशांनी नियमाप्रमाणे कार्बन डायऑक्साइड सोडला. आग थांबली नाही. २७ जणांपैकी ५ जणांचा जीव गेला. नवं जहाज, गजर वाजला, माणसांनी शिकवल्याप्रमाणे केलं, आणि तरीही.

विमानातली गोष्ट याहून वेगवान आहे. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेलं यूपीएसचं मालवाहू ७४७. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे २२ मिनिटांनी आगीची घंटा वाजली. दोन्ही वैमानिक वाचले नाहीत. नियम असा आहे की आग सुरू झाल्यापासून एका मिनिटाच्या आत वैमानिकाला कळलं पाहिजे. पण आग बंद कंटेनरच्या आत सुरू झाली तर? धूर बाहेर झिरपून छतावरच्या सेन्सरपर्यंत पोचायला त्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, हे अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात चौकशी संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट मांडलं आणि कंटेनरच्या आतच शोध घेणाऱ्या यंत्रणा करा अशी शिफारस केली.

आता आपण आमच्या कामापाशी पोचलो. प्रत्येक पेटीच्या आत एक सेन्सर ठेवा. ऐकायला सोपं वाटतं. वायर ओढता येणार नाही, कारण पेटी आज न्हावा शेवाला, परवा कोलंबोला, पुढच्या महिन्यात रॉटरडॅमला. म्हणजे वायरलेस पाहिजे, बॅटरीवर पाहिजे, आणि वर्षानुवर्षं चालायला पाहिजे.

पहिली अडचण म्हणजे कंटेनर ही चहू बाजूंनी पोलादी पेटी. बीटेकला फॅराडे केज शिकवतात, परीक्षेत लिहितो, विसरतो. मी उरणच्या बाजूला एका यार्डात पहिल्यांदा चाचणीला गेले तेव्हा लॅपटॉपवर बारा नोड दिसत होते. एक एक दार बंद व्हायला लागलं तसे ते बारीक होत गेले. पण पूर्ण गेले नाहीत, कारण दाराच्या कडेला रबराची पट्टी असते आणि जमीन प्लायवूडची असते. तेवढ्या फटीतून रेडिओ लहरी बाहेर येतात. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्या लहरी वाय-फायपेक्षा अशा फटींतून बऱ्या निघतात. वर आणखी आठ पेट्या रचल्या की पुन्हा त्रास. म्हणून एक पेटी शेजारच्या पेटीला निरोप देते, ती पुढच्या पेटीला, असं करत तो जहाजावरच्या गेटवेपर्यंत आणि तिथून उपग्रहाने जमिनीवर. गावात पूर्वी तार आली की हातोहात घरापर्यंत पोचवायचे, तसं.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. मोजायचं काय? सगळे म्हणतात तापमान. पण एप्रिलच्या उन्हात डेकवरच्या रिकाम्या कंटेनरच्या पत्र्याखालची हवा साठ अंशांच्या आसपास जाते, आणि कापसाच्या गासडीत निखारा असताना एक हातावरचा थर्मामीटर मख्खपणे तीस दाखवतो. म्हणजे नुसती मर्यादा ठरवून काही साधत नाही. शेजारच्या पेट्यांपेक्षा ही वेगळी वागते आहे का, रात्री बाकीच्या थंड झाल्या तेव्हा ही झाली का, हे बघावं लागतं. धुमसणाऱ्या आगीत धुराच्या आधी कार्बन मोनॉक्साइड वाढतो, म्हणून तो वायू मोजणं तापमानापेक्षा भरवशाचं. पण यार्डात डिझेलचा फोर्कलिफ्ट जवळून गेला की तोच वायू वाढतो. नाशिकचा कांदा बंद जागेत श्वास घेतो, उष्णता सोडतो. खोबरं स्वतःहून तापतं. प्रत्येक माल वेगळ्या स्वभावाचा. कोळशाच्या जहाजांना आजही कार्बन मोनॉक्साइड आणि तापमान नियमाने मोजावं लागतं, कारण तिथे माल एकच असतो. कंटेनरमध्ये आत काय आहे ते कागदावर लिहिलंय तेच खरं धरावं लागतं.

आणि कागद खोटा असू शकतो. धोकादायक मालाचं भाडं जास्त, नियम कडक, म्हणून बॅटऱ्या ‘सुटे भाग’ म्हणून जातात, लोणारी कोळसा आणखी कशाच्या तरी नावाने जातो. जो नाव बदलतो तो स्वतःच्या पेटीत आगीचा सेन्सर कशाला बसवेल? म्हणून हे काम माल पाठवणाऱ्यावर सोडून चालत नाही, पेटीच्या मालकाने, म्हणजे शिपिंग कंपनीने करायला हवं. शीतपेट्यांमध्ये मॉडेम आधीच असतात, कारण मासळी किंवा द्राक्षं खराब झाली तर पैसे जातात. साध्या पेट्यांबाबत हापाग-लॉईडने २०२२ मध्ये आपल्या ताफ्याला ट्रॅकर बसवायची घोषणा केली. ते मुख्यतः पेटी कुठे आहे हे कळण्यासाठी आहेत. आगीसाठी वेगळा खर्च करायला अजून बाजार फार उत्सुक नाही. हे आम्हाला मीटिंगमध्ये बसून कळतं.

श्रोते मला विचारतात, तुमचे सेन्सर १९४४ ला असते तर? मला ‘असतं तर’ फारसं आवडत नाही, पण उत्तर देते. सकाळीच कापसातला वायू वाढलेला दिसला असता. गासड्यांची कोणती थप्पी ते कळलं असतं. जहाजात काय आहे हे पहिल्याच निरोपात गेलं असतं, दोन बंब न जाता वीस गेले असते. इतपत मी छातीठोकपणे सांगेन.

त्यापुढचं नाही सांगू शकत. कारण त्या दुपारी फोर्ट स्टिकीनच्या डेकवर माहिती अगदीच नव्हती असंही नाही. दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अधिकारी जहाजावर आला होता आणि हे सगळं उडू शकतं हे त्याने सांगितलं होतं. जहाज जागच्या जागी बुडवायचं का, याची चर्चा झाली, पण धक्क्यापाशी पाणी इतकं उथळ की होल्ड बुडला नसता. ओढून समुद्रात न्यायचं का, त्याचीही चर्चा झाली. कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते, लष्कर होतं. शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेलं नव्हतं. चर्चा चालू राहिली, पाणी चालू राहिलं.

२०२१ चं एक्स-प्रेस पर्ल घ्या. जहाज नवंकोरं. नायट्रिक ॲसिडच्या एका कंटेनरला गळती लागल्याचं खलाशांना ११ मे लाच समजलं. कुठली पेटी हेही माहीत होतं. कतारच्या हमद आणि आपल्या हजिरा या दोन्ही बंदरांकडे ती पेटी उतरवून घ्या अशी विनंती झाली, दोन्हीकडून नकार आला. जहाज कोलंबोजवळ नांगरून उभं राहिलं आणि २० मे ला पेटलं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या दाण्यांचा थर आला, तिथल्या कोळ्यांची मासेमारी बंद झाली, जूनमध्ये जहाज बुडालं. इथे कोणत्याही सेन्सरने आणखी काय सांगायचं होतं? नऊ दिवस हातात होते.

म्हणून हल्ली आमच्या टीममध्ये मी ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त भांडते ती अल्गोरिदम नाही. अलर्टचा निरोप कोणाला जातो आणि त्याला पेटी उतरवायचा, हलवायचा, उघडायचा अधिकार आहे का, हा तक्ता भरल्याशिवाय यंत्रणा चालू करू नये असं माझं म्हणणं आहे. ग्राहक म्हणतात, आधी डॅशबोर्ड दाखवा. तक्ता बऱ्याचदा अर्धाच भरून येतो, आणि ‘रात्री’ या रकान्यात कोणा क्लार्कचा ईमेल असतो.

९ जून २०२५ ला वान हाय ५०३ हे जहाज कोलंबोहून न्हावा शेवाला येत होतं. केरळच्या किनाऱ्याजवळ त्यात स्फोट होऊन आग लागली. २२ जणांपैकी १८ जणांना वाचवलं, ४ जण बेपत्ता झाले. दुसऱ्या दिवशी ते मुंबईत पोचायचं होतं. कित्येक दिवस ते भर पावसाळ्यात जळत होतं, आणि तटरक्षक दलाची माणसं बाहेरून त्यावर पाणी मारत होती.

या भागापुरतं इतकंच. पुढच्या भागात ‘रिच’च्या त्या कपाटाबद्दल आणखी बोलणार आहे, खूप जणांनी नळ्यांबद्दल विचारलंय. गोदीत काम केलेले कोणी नातेवाईक असतील, फोर्ट स्टिकीनच्या दिवसाबद्दल घरात काही सांगितलं जात असेल, तर जरूर कळवा. सोन्याच्या विटा सोडून.